पायरीवर ठेवलेला स्टो

माझ्या घरात बिघडलेली वस्तू दुसरा दिवस पाहत नाही. इस्त्री असो, पंखा असो, आवाज जरा बदलला की मी ती पिशवीत घालते आणि दुरुस्तीवाल्याच्या टपरीवर जाऊन बसते, हातात परत मिळेपर्यंत. मुलगा वैतागतो. "एवढ्या खटाटोपात नवी येते, आई," असं तो म्हणतो आणि त्याचंच बरोबर असेल. पण जुनं बंद पडल्यापासून नवं येईपर्यंत मध्ये काही दिवस जातात. ते त्याने पाहिलेले नाहीत. मी पाहिले आहेत, आणि त्या दिवसांत मी जशी वागले त्याचा राग मला अजून येतो. तेव्हा मी अकरा वर्षांची होते, हे कारण मला पुरत नाही.

आमचं गाव वर्ध्याहून सेवाग्रामला जाणाऱ्या सडकेपासून थोडं आत. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, नाल्याकडे. बाबा वर्ध्याच्या एका जिनमध्ये, सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होते. कापसाचा हंगाम असला की जिन, नसला की मिळेल ते काम. मायही लग्न झाल्यापासून त्याच जिनमध्ये जायची. बायका तिथे कापसातली पत्ती आणि काडीकचरा वेचायच्या. दिवसभर हवेत कापूस उडायचा आणि श्वासाबरोबर आत जायचा. माझ्या आठवणीतली माय अशी आहे: दोन वाक्यं बोलली की थांबायची, एक हात कमरेवर ठेवायची आणि आपण काही विशेष करत नाही अशा चेहऱ्याने श्वास गोळा करायची. सेवाग्रामच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला दोन गोष्टी सोडायला सांगितल्या, जिन आणि धूर. जिन सुटली. धूर कसा सुटणार? एका खोलीचं घर, कोपऱ्यात चूल, आणि जळण म्हणजे पऱ्हाट्या, कपाशीची वाळलेली झाडं. त्या भराभर पेटतात आणि धूर करतात त्याहून भराभर.

जिन सोडल्यावर माय वर्ध्यात एका कारकुनाच्या घरी अंगण झाडायला आणि गोठा साफ करायला जाऊ लागली. घरात नव्हे, अंगणापर्यंतच. त्या घरच्या बाई स्वभावाने वाईट नव्हत्या. मायला खराट्यावर टेकून धापा टाकताना त्यांनी पाहिलं, कारण विचारलं, आणि काही दिवसांनी आपला जुना पितळी स्टो तिला देऊन टाकला. त्यांच्याकडे नवा आला होता. देताना त्यांनी तो ओट्याच्या शेवटच्या पायरीवर ठेवला, दोन पावलं मागे सरकल्या आणि "ने," म्हणाल्या. मायने तो उचलला, टोपलीत घातला आणि डोक्यावरून घरी आणला. वाटेत चार वेळा बसावं लागलं, असं ती म्हणाली.

पायरीची गोष्ट आम्हाला तिनेच सांगितली. बाईंचं मागे सरकणं, पदर सावरणं, सगळ्याची नक्कल करून. तिला नक्कल फार छान यायची. मी पोट धरून हसले. बाबा हसले नाहीत. ते स्टोकडे बघत बसले आणि मग हात धुवायला बाहेर गेले.

मायने चिंच आणि राख लावून तो स्टो घासला, दोन दिवस घासला. वस्तीत सगळे त्याला 'इष्टो' म्हणायचे. बर्नरच्या छिद्रात पिन घालून कचरा काढायचं काम माझं. पंप मात्र ती कुणाला मारू द्यायची नाही. काकडा पेटवायचा, बर्नर तापू द्यायचा, मग सात-आठ वेळा दट्ट्या आत-बाहेर, आणि एकदम निळी फुलं उमलायची. स्टो पेटला की त्याच्या आवाजात मायच्या छातीची घरघर ऐकू यायची नाही. मला तो आवाज त्यासाठी आवडायचा. दोन हिवाळे ती बरी गेली. पाठीवर मला घेऊन घरभर फिरेल, इतकी बरी नव्हती. पण रात्री आडवी होऊन झोपायची. आधी बसून झोपायची.

मग छप्पन सालचा तो दसरा आला. आमची अख्खी वस्ती नागपूरला गेली आणि बौद्ध होऊन परत आली. मायने पांढरं लुगडं नेसलं होतं. गर्दीत तिला धाप लागेल म्हणून बाबांनी तिला रस्ताभर हाताला धरून नेलं. चारचौघांत त्यांनी तिचा हात धरलेला मी तेव्हाच पाहिला. परत आल्यावर घरोघरचे देव नाल्याच्या डोहात गेले. कुणी रडलं, कुणी हसलं. आमच्या देवांचं गाठोडं बाबांनी मला न्यायला दिलं आणि मी ते असं भिरकावलं की शेजारची म्हातारी माझ्यावर चिडली.

त्यानंतर आठवडाभरात वस्तीची सभा झाली, कडुलिंबाखाली. तीन गोष्टी बंद करायचं ठरलं: मेलेलं ढोर ओढणं, गावात भाकर मागणं आणि दुसऱ्यांनी उतरवलेल्या वस्तू घेणं. तिसऱ्या गोष्टीवर बाबा बोलायला उभे राहिले. बाबा तसे मुके म्हणावे इतके कमी बोलणारे. त्या दिवशी म्हणाले, "आतापावतर आपल्या घरात जे आलं ते दुसऱ्याच्या घरातून निघालेलं आलं. लुगडं फाटलं तं आपलं, भांडं फुटलं तं आपलं. आता नाई. थोडं आलं तं थोडं, पण आपलं नवं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मायच्या मांडीला टेकून बसले होते. मी मान वर करून पाहिलं तर तीही टाळ्या वाजवत होती, मनापासून.

ठराव मला पाठ झाला. शाळेत कविता पाठ व्हायला आठ दिवस लागत, हा एका बैठकीत झाला. कोणाच्या पोराने गावातून कुणाची जुनी टोपी घालून यावं आणि मी त्याला वाटेत अडवून ठराव म्हणून दाखवावा, असं चाललं होतं. लोक हसत. "हे आपल्या वस्तीची फौजदारीण हाये," असं म्हणत, आणि मला ते शाबासकीसारखं वाटे.

स्टो घरातच होता. त्याचं काय, हे सभेत कुणी विचारलं नाही. माय एकदा आपणहून म्हणाली, "हा ठरावाच्या आधीचा हाये," आणि बाबा काही बोलले नाहीत. चालू होता तोवर तो घरातलाच एक होता.

कार्तिकात एका सकाळी तो हवा धरेना. माय पंप मारायची, दट्ट्या सैल जायचा, भक्क करून परत यायचा. तिने दट्ट्या बाहेर काढून पाहिला. त्याच्या टोकाला चामड्याची एक चकती असते, वायसर म्हणतात तिला, ती वाळून तडकली होती. बाईंच्या घरी मागे एकदा असंच झालेलं तिने अंगणातून पाहिलं होतं. कारागीर आला, चकती बदलली, आणि चहा पिऊन गेला, एवढंच काम होतं.

संध्याकाळी तिने बाबांना ती चकती दाखवली. "येवढंच बदलाचं हाये. बजारात तो स्टोवाला बसते न, त्याच्याजोळ भेटते."

बाबांनी चकती हातात घेतली नाही. "नाई बदलाचं," ते म्हणाले.

"काऊन?"

"आतापावतर होता, तं होता. मी काई म्हणलं नाई. पण आता बंद पडला. आता दुरुस्त केला म्हणजे पुन्हा एकदा घेतल्यासारखा झाला. सभेत मीच उभा राह्यलो अन् माह्याच घरात..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "जिन सुरू झाली का नवा आणतो. पितळीच आणतो."

"मी घासला तो," माय म्हणाली. "मी चमकवला. दोन वर्सं त्याच्यावर रांधलं. अजून त्या बाईचाच हाये का तो?"

"तूच सांगतलं होतं," बाबा म्हणाले, "पायरीवर ठेवला होता म्हून."

मायने चकती मुठीत घेतली. नक्कल करून हसवताना आपण ही गोष्ट कुणाच्या हातात देतो आहोत हे तिला तेव्हा कुठे माहीत होतं? बाबांनाही बोलून गेल्यावर वाईट वाटलं असावं, कारण त्यांचा आवाज उतरला. ते माझ्याकडे वळले. "या पोरीले इचार. शिकते थे. सांग वं पोरी, जुना दुरुस्त कराचा का नवा घ्याचा?"

मी उभी राहिले. शाळेत उत्तर देताना उभं राहतात तशी. "नवा घ्याचा," मी म्हणाले. "आपण आता उतरलेलं घेत नाई."

मायने माझ्याकडे पाहिलं. तिला राग आला नव्हता. ती "बरं," म्हणाली आणि चकती पदराच्या टोकाला बांधली. स्टो तिने मागच्या भिंतीच्या कोनाड्यात ठेवला. बाबा तो भंगारात देऊन टाकू म्हणाले, तेव्हा मात्र ती "राहू द्या," एवढं बोलली. बाबांनी तेवढं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी चूल पेटली.

त्या वर्षी जिन उशिरा सुरू झाली. बाबा रोज चौकशी करून यायचे. माय अंगणात तीन दगड मांडून रांधायची, पण हिवाळा होता, पहाटेचं गार वारं तिला धुराहून जास्त लागायचं, म्हणून पुन्हा आत यायची. भाकर थापताना तोंड एका बाजूला वळवायची आणि श्वास धरून ठेवायची. भाकर तव्यावर टाकली की दाराशी जाऊन तो सोडायची. भाकर उलटायच्या आत परत. मी भाकरी करायला शिकले, वेड्यावाकड्या, पण शिकले. बाबा जळण फुंकायचे. तिघांनी मिळून तो धूर वाटून घ्यायचा प्रयत्न केला, पण एका खोलीतला धूर वाटला जात नाही. आमचे डोळे चुरचुरायचे, तिची छाती भरायची. ती पुन्हा बसून झोपू लागली.

एक दिवस शाळेतून आले तर माय मागच्या कोनाड्यापाशी बसली होती. स्टो तिच्या मांडीवर होता आणि ती पंपाचं तोंड फडक्याने पुसत होती. मी दप्तरही खाली ठेवलं नाही.

"माय, बाबांनी सांगतलं न," मी म्हणाले.

"पुसून राह्यली फक्त," ती म्हणाली. "धूळ बसली."

"दुरुस्त केला तं मी बाबाले सांगन."

ती हसली. "नाई करत वं फौजदारीणबाई," म्हणाली आणि स्टो परत कोनाड्यात ठेवला. मी खुश झाले. ठराव आपल्या घरात मोडला जाता जाता वाचवला, असं मला वाटलं, आणि ते मी मैत्रिणींना सांगितलंसुद्धा.

मध्ये एकदा मी तिच्याबरोबर सेवाग्रामच्या दवाखान्यात गेले. औषध मिळालं, धुराचं पुन्हा विचारणं झालं, माय "नवा स्टो येनार हाये," असं अभिमानाने म्हणाली. येताना आम्ही वर्ध्याच्या बाजारातून आलो. मी बोरं निवडत होते. माय थोडी पुढे जाऊन एका दुरुस्तीवाल्याच्या पालापाशी टेकली. धाप लागली म्हणून ती थांबली असं मला वाटलं. मी बोरं घेऊन पोचले तेव्हा ती पदराची गाठ मारत होती.

पौषात नवा स्टो आला. बाबा जिनमधून थेट दुकानात गेले होते. खोका त्यांनी दारातच उघडला. माय भिंतीला टेकून बसली होती. बाबा तिच्यासमोर उकिडवे बसले. स्टो खाली ठेवला नाही, दोन्ही हातांनी तिच्यासमोर धरला. "घे," म्हणाले. "हातात घे."

मायने दोन्ही हात पुढे केले. स्टो तिच्या हातात गेला तरी बाबांनी आपले हात काढले नाहीत, कारण तिला त्याचं वजन पेलवत नव्हतं. दोघांच्या चार हातांमध्ये तो स्टो काही वेळ तसाच राहिला. माय रडली. मला अजून वाटतं की तिच्या आयुष्यातला तो मोठा क्षण होता, आणि बाबांच्याही. म्हणून मला बाबांवर राग धरवत नाही. त्यांनी जे मागितलं ते चुकीचं नव्हतं. ते तिला देण्यासाठीच त्यांनी तिला दोन महिने धुरात ठेवलं, एवढंच.

नव्या स्टोवर तिने आठ दिवस रांधलं. पंप मी मारायचे, तिला जमत नव्हतं. नवव्या दिवशी पहाटे ती बसल्या बसल्याच गेली. तिच्या छातीचा आवाज थांबला त्याने बाबांना जाग आली.

पुढे मी परिचारिका झाले आणि बरीच वर्षं अशा छाती भरलेल्या माणसांच्या खाटांमधून फिरले. जिनच्या कापसाने तिची फुप्फुसं आधीच गेली होती, स्टो असता तरी फार काळ नव्हता, हे मला आज कुणी समजावायची गरज नाही. मीच लोकांना असं समजावते. किती दिवस, एवढाच प्रश्न असतो. पण त्या किती दिवसांमध्ये ती आडवी होऊन झोपली असती.

ती गेल्यावर पंधरवड्याने बाबा घर आवरत होते. मागच्या कोनाड्यातला जुना स्टो त्यांनी खाली काढला, आणि त्याच्या मागे एक पत्र्याची लहान डबी निघाली, बामाची असते तशी. आत तेल होतं आणि तेलात चामड्याची एक चकती बुडवलेली. तडकलेली नव्हे. नवी.

बाबांच्या वडिलांचा सगळा जन्म चामड्यात गेला होता. चामडं बाबांना कळायचं. त्यांनी चकती बाहेर काढली, नखाने दाबली, वाकवली, पुन्हा दाबली. बराच वेळ ते तेच करत होते. मग म्हणाले, "मऊ हाये. तेल ताजं हाये. आताआतापावतर तेल बदलत होती थे."

त्यांनी स्टो पुढे ओढला. दट्ट्या काढला, चकती बसवली, नट आवळला. रॉकेल घातलं. काकडा पेटवला. बर्नर तापल्यावर त्यांनी पंप मारला आणि हवा धरली गेली, पहिल्याच दट्ट्याला हाताला लागली असावी, कारण ते क्षणभर थांबले. मग आणखी पाच-सहा वेळा. निळी फुलं उमलली. तोच आवाज घरात भरला. सगळ्या कामाला मायने एखादी भाजी निवडावी एवढा वेळ लागला.

त्यांनी त्यावर काही ठेवलं नाही. आम्ही दोघं बाजूला बसून राहिलो. मला ते सहन होईना.

"बाबा," मी म्हणाले, "नवा घ्या असं मीच म्हणलं होतं."

"मी इचारलं, तू सांगतलं. तुह्यं काय वं त्याच्यात," बाबा म्हणाले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. थोड्या वेळाने ज्योतीकडे बघतच ते स्वतःशी बोलल्यासारखे म्हणाले, "पण आणलं होतं, तं बसवलं काऊन नाई तिनं? मी तं दिवसभर जिनात. मले काय कळलं असतं? कोन होतं घरात पाहाले?"

त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. किल्ली सैल केली, हवा सुटली आणि स्टो विझला. घरात मी होते, हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही.